सगळेच बोरदरकर

वैशाख अर्धा सरला की आमच्या भागात एकच प्रश्न सुरू होतो. चहाच्या टपरीवर, कळमनुरीच्या जीपमध्ये, पिठाच्या गिरणीत. "पाणी कुठवर उतरलं?" पाणी म्हणजे धरणाचं. पैनगंगेवर धरण झालं तेव्हा काठची गावं बुडाली, अन् दर उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की त्यातली काही आपली हाडं घेऊन वर येतात. परवा दूध घालणारा पोरगा किटली खाली ठेवता ठेवता म्हणाला, "आजी, बोरदरा उघडा पडला. पोरं मोबाइल घेऊन चालली फोटो काढाया."

मी "बरं" म्हटलं अन् दूध उतू जाऊ दिलं.

वय झालं की माणसं तरुणपणाचे गोडवे गातात. माझ्या वयाच्या बाया पाराखाली बसून सांगतात, आमी अशा होतो, आमी तशा होतो, विहिरीतून इतकं पाणी शेंदायचो. मी गप्प बसते. मी कशी होते ते मला चांगलं ठाऊक आहे. आज ती अठ्ठावीस वर्षांची बाई समोर आली तर मी तिला ओसरीवर बसू देणार नाही. नऊवारीचा काठ हातभर, नाकात नथ घातली की पाय जमिनीला लागत नाहीत, माहेर डोंगरकड्याचं, हळदी-केळीच्या ओल्या मळ्यातलं. म्हणून सासर पाटलाचं असलं तरी त्या कोरडवाहू गावाला सारखी हिणवायची. गावात चार घरं बरोबरीची, बाकीची "तसली". ही तिची मोजपट्टी. आता हसू येतं. हसता हसता ते मध्येच अडकतं, ते वेगळं.

त्या बाईला एकच पोरगं. विजू. चौथीत होता तेव्हा. ह्याच्याशी खेळू नको, त्याच्या घरी जाऊ नको, त्यांच्यातलं खाऊ नको, असं करत करत तिनं त्याला इतकं निवडलं, इतकं पाखडलं, की शेवटी सुपात एकटा विजूच उरला. संध्याकाळी सगळी पोरं मारुतीसमोर विटीदांडू खेळायची अन् हा ओट्यावर बसून मुंगळ्यांच्या रांगेत काड्या आडव्या घालायचा. मी शेजारणीला सांगायची, "आमचा विजू फार शांत हाय." शांत! आईनं एकटं पाडलेल्या लेकराला आई शांत म्हणते.

त्या वर्षी बोरदऱ्याची माणसं आमच्या गायरानावर आली. गाव पाण्याखाली गेलं, सरकारनं जमीन कुठं द्यायची ते ठरेपर्यंत पत्र्याची घरं टाकून दिली. पत्रे उन्हात असे तापायचे की दुपारी सगळी वस्ती आमच्या आमराईत येऊन बसायची. गाव त्यांना धरणवाले म्हणायचं. ते आले, त्यांच्यासोबत अकरा पोरं शाळेत आली. कागद कोणाकडेच नव्हते. दाखले, हजेऱ्या, सगळं सामान हलवताना कुठं गेलं कोण जाणे. आमचे हेडमास्तर जरा हळवे. त्यांनी अकराही पोरांच्या नावापुढं एकच आडनाव लिहिलं, बोरदरकर. म्हणाले, "गाव गेलं. नाव तरी राहू द्या."

झालं! माझी झोप उडाली. अकरा पोरं अन् एक आडनाव. आता ओळखायचं कसं?

काय ओळखायचं, ते मी लिहीत नाही. मराठी वाचणाऱ्याला ते सांगावं लागत नाही.

त्या अकरातला नामदेव, नामा, विजूच्या शेजारी बसायला लागला. काळासावळा, कुरळ्या केसांचा, पुढचा एक दात अर्धा. बाप नव्हता, आई होती, गयाबाई. पहिल्या आठवड्यातच विजू घरी येऊन बोलायला लागला. म्हणजे आधीही बोलायचा, हो, न्हाई, वाढ, पुरे इतकं. आता जेवताना थांबायचा नाही. नामाला पोहता येतं. नामानं साप धरला होता. नामाचं गाव पाण्याखाली हाय पण अजून हाय, माशे घरात हिंडून राहिले असतील. एका दिवशी मी विजूचं हसू ऐकलं अन् चुलीपुढून उठून बाहेर गेले. कोणाचं लेकरू हसून राहिलं, ते बघायला. आपल्या पोराचं हसू मला ओळखू आलं नव्हतं.

नामा ओट्यावर होता. आमच्या ओट्यावर. मग मी तपासाला लागले. पोलिसात असते तर जिल्ह्यात नाव झालं असतं.

"काहून रे नामा, तुमच्या घरी देव कोणते?"

"पाण्यात गेले, काकू. एक आईनं डोक्यावर आणला."

"कोणता?"

"दगडाचा."

"लगनात काय करता तुमच्यात?"

"जेवतो."

विजू खो खो हसला. मी हटले नाही. गाव म्हटलं की येस, म्हणजे गावाची वेस, आली, अन् येस म्हटली की आतली घरं अन् बाहेरची घरं आली. तिथं कोणी लपू शकत नाही.

"अन् तुझं घर कुठं होतं रे? येशीच्या आत का बाहेर?"

नामानं जरा विचार केला. म्हणाला, "आता समदंच पाण्याच्या आत हाय, काकू."

मी रात्री ह्यांना विचारलं. विजूच्या वडिलांना गायरानावरचं माणूस न् माणूस ठाऊक होतं, त्यांच्यासाठी तहसीलला खेटे तेच घालायचे. ते सुपारी कातरत म्हणाले, "मला ठाव हाय."

"मग सांगा की."

"न्हाई सांगत. लेकराला पाणी पाजाया तुला त्याची जात काहून लागते?"

चिडून मी दोन दिवस त्यांच्या ताटात भाजी कमी वाढली. माणूस हसत हसत तेवढ्याच भाजीवर भाकरी खाऊन उठला. पुढं कित्येक वर्षांनी, ते आजारी असताना, उशाशी बसून मी पुन्हा विचारलं होतं. सहज. त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली, न्हाई. तेवढी एक गोष्ट ते सोबत घेऊन गेले. अन् वाचणाऱ्यांनो, तुम्हालाही आत्ता जरा चुटपुट लागली असेल, तर लाजू नका. माझ्या ओट्यावर तुमच्यासाठी जागा आहे.

कळेना, तर मी मधला मार्ग काढला. आमच्यासारख्या बायांना मधला मार्ग फार लवकर सापडतो. फडताळाच्या मागं एक जर्मनचा पेला पडला होता, एका अंगाला चेपलेला. तो घासला, ओसरीच्या कोनाड्यात ठेवला अन् नामाला म्हटलं, "हा तुझा पेला. पाणी प्यायचं तर ह्यानंच प्यायचं. दुसऱ्या कोणाला द्यायचा न्हाई."

मला वाटलं पोरगं खाली मान घालील. ते पेल्याकडे बघतच राहिलं. "माझा? एकट्याचा?"

"व्हय."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आजवर कोणाला मोठा अहेर केला तरी पाहिलेलं नाही. आता भांड्यावर नाव घालायची आपली रीत. लग्नातली भांडी, बारशाची वाटी, प्रत्येकावर कोणी कोणाला दिलं ते कोरलेलं. ज्याचं नाव भांड्यावर, तो घरचा. दुसऱ्या दिवशी नामानं खिळा आणला, दुपारभर ओसरीवर बसून टकटक करत पेल्यावर नाव घातलं. "नामदेव बोरदरकर यास काकूकडून." मास्तरांना दाखवलं. वर्गात सांगितलं. गायरानावर तर दवंडीच पिटली म्हणे, पाटलाच्या घरी माझ्या नावाचा पेला हाय.

मी ओसरी सारवत होते. पेला उचलून बाजूला ठेवायला लागला, अन् ती अक्षरं दिसली. तेव्हा लाज वाटली का? खरं सांगते, नाही. मला बरं वाटलं. बघा, पोरगंबी खूश अन् आपला धर्मबी राहिला. लाज हे पीक फार उशिराचं. आमच्या तुरीपेक्षाही उशिरा येतं.

वैशाखात पाणी उतरलं. बोरदऱ्याच्या बाया टोपल्या, शेण, खराटे घेऊन पहाटे बैलगाड्यांतून निघाल्या. विजूनं सांगितलं, त्या आपापली घरं सारवाया चालल्या. भिंती विरघळल्या, आढं अन् दारं तर आधीच काढून आणली होती, नुसती दगडी जोती अन् उंबरे राहिलेले. पण गाव वर आलंय तर उंबरा पारोसा कसा ठेवायचा? मिरगात पाणी पुन्हा चढणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी दोन दिवस सडा, सारवण, रांगोळी. सगळं गावच माहेरी आल्यासारखं.

विजू पाठी लागला, मला नामाचं घर बघायचं. मी एरवी जाऊ दिलं नसतं. पण माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. गाव उघडं पडलंय! म्हणजे येस दिसेल. म्हणजे घर आत का बाहेर, ते आता माझ्या डोळ्यांनी बघता येईल. मी ह्यांना म्हटलं, "पोराचा हट्ट हाय, मीबी येते." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की आता आठवली तरी मी पदर सारखा करते. पण गाडी जुंपली.

त्या दिवसाचं ऊन मला अजून आठवतं. वाटेत एका नाल्यापाशी झिऱ्याचं पाणी होतं, तिथं बैलांना पाजलं, आम्हीही ओंजळीनं प्यालो. मग धरणाचं पोट सुरू झालं. भेगाळलेला गाळ, पायाखाली शिंपल्यांचा चुरा, वाळलेल्या शेवाळाचा अन् माशांचा वास. कुठं कुठं गाळात कोणी टरबुजाचे वेल लावलेले, तेवढंच हिरवं. अन् त्या सगळ्या राखाडी रानात अचानक चौकोन दिसायला लागले. ताजे सारवलेले, ओले, त्यांवर पांढरी रांगोळी. भिंती नसलेली घरं. एक बाई नसलेल्या दारातून वाकून आत जात होती. दार असताना जशी वाकायची तशीच.

नामा धावत आला, विजूचा हात धरून घेऊन गेला. ही आमची चुलीची जागा, हे उखळ, इथं माझा पाळणा होता. दोघं उंबऱ्यावरून आत-बाहेर उड्या मारत होते. गयाबाईनं आम्हाला बसायला घोंगडी अंथरली. तिला मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. माझ्याच वयाची, उन्हानं दहा वर्षं मोठी झालेली. मी बसता बसता विचारलं, "येस कोणत्या अंगाला होती हो?"

तिनं हात वर केला. पूर्वेला दाखवला. मग थांबली, मागं वळून पश्चिमेला दाखवला. "तिकडं... का इकडं? बघा बाई, पाण्यानं समदं सारखं करून टाकलं. मलाबी ध्यानात येईना."

स्वतःच्या गावाची येस बाईला आठवत नाही, हे मला तेव्हा खरं वाटलं. इतकी मी हुशार.

मग तिनं पिशवीतून एक पेला काढला. नवा, स्टीलचा, बाजारात नाव घालणाऱ्याकडून सुरेख अक्षरं कोरून घेतलेली. "विजय यास नामाच्या घरून." तिनं तो माठातल्या पाण्यानं भरून विजूच्या हातात दिला. मला म्हणाली, "तुमी आमच्या पोराला त्याच्या नावाचा पेला केला. मंग आमच्या घरात विजूच्या नावाचा नगं का? तुमच्यात तशी रीत हाय म्हणून नामा सांगत होता."

ह्यांनी मान दुसरीकडे वळवली. विजू गटागटा प्याला.

मला तेव्हा वाटलं, बाई भोळी आहे, हिला काही कळलं नाही. आता वाटतं, तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार. खिळ्यानं नाव घालून नाचत आलेल्या पोराचं तोंड बघून ती काय बोलणार? तिनं माझ्या पापाची रीत करून टाकली, म्हणजे तिच्या पोराला ते पाप दिसणार नाही. अन् ती रीत पाळायला, असतील-नसतील ते पैसे मोडून, स्टीलचा पेला आणला.

मग तिनं तांब्या भरून माझ्यापुढं ठेवला. ह्यांनी आधीच घोटभर घेतलं होतं. आता सगळे माझ्याकडे बघत होते असं नाही, पण मला तसं वाटलं. घशाला कोरड पडली होती. मी म्हटलं, "मला नगं. आज मला निर्जळा हाय."

निर्जळा एकादशी ज्येष्ठात येते. हा वैशाख. हे तिला ठाऊक, मला ठाऊक, बैलांना सुद्धा ठाऊक असेल. तरी ती "बरं, बाई" म्हणाली असती अन् निभलं असतं. पण विजू उखळावरून ओरडला, "आई, तू तर आत्ता नाल्यापाशी पाणी प्यालीस ना!"

दूर कुठं तरी बाया ओव्या म्हणत होत्या, तेवढंच ऐकू येत होतं. मग गयाबाईच बोलली. तांब्यावर ताटली झाकत म्हणाली, "व्हतं एखाद्या येळी, लेकरा. उन्हातान्हात उपासाची याद ऱ्हात न्हाई."

मला वाचवलं तिनं. तिच्याच उंबऱ्यावर, तिच्याच पाण्याला नाही म्हणणाऱ्या बाईला. अन् मी वाचले, ह्या आनंदात मान डोलावली. पण नामाकडे माझं लक्ष गेलं. तो तांब्याकडे बघत होता. मग विजूच्या हातातल्या पेल्याकडे. मग माझ्याकडे. दहा वर्षांचं पोर, पण हिशेब सरळ होता. काकू आमचं पाणी पीत न्हाई. मग काकूनं मला वेगळा पेला काहून दिला? त्याच्या डोळ्यांत ते उत्तर येताना मी पाहिलं. पाणी चढताना दिसत नाही म्हणतात. दिसतं.

परतताना विजू गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसला, आमच्याकडे पाठ करून. मी दोनदा हाक मारली. "ऊन लागतंय, आत ये." आला नाही.

त्यानंतर नामा आमच्याकडे आला नाही. विजूही गायरानावर गेला नाही. मला वाटलं, बरं झालं, पोरांचं भांडण झालं असेल. त्या दिवशी मी कुरडया तळल्या, गोड केलं, असली मी! भांडण झालंच नव्हतं. विजूला तोंड दाखवायची लाज वाटत होती. माझी लाज. मी घेतली नाही म्हणून ती त्याच्या वाट्याला आली. कोनाड्यातला पेला कधी नाहीसा झाला, कोणी नेला, मी विचारलं नाही. मिरग बरसला, बोरदरा पुन्हा पाण्याखाली गेला, अन् गायरानावरच्या घरांना इकडेतिकडे जमिनी मिळाल्या. ज्या दिवशी त्यांचा ट्रॅक्टर भरला त्या दिवशी विजू माळवदावर जाऊन बसला होता. खालून नामा जाताना त्यानं वर बघितलं का, ते मला माहीत नाही. मी दार लावून घेतलं होतं.

पुढं विजू हिंगोलीला शिकायला गेला, मग नांदेडला, तिथंच नोकरी, तिथंच घर. मुलगा चांगला आहे, औषधं पाठवतो, आठवड्याला फोन करतो. पण त्यानं त्या उन्हाळ्यानंतर एकाही मित्राला आमच्या घरी आणलं नाही. लग्नात नवऱ्याकडची मित्रमंडळी म्हणून कोणीच नव्हतं. मी पाहुण्यांना सांगितलं, "आमचा विजू पहिल्यापासूनच शांत हाय."

हे सगळं मी मनाच्या तळाशी नीट बसवून ठेवलं होतं. एका पोराची दोस्ती मी मोडली, ही एक चूक, झाली, संपली, आता म्हातारपणी कबूल करून टाकावी, असं म्हणून मी लिहायला बसणार होते. पण मागच्या आठवड्यात सुट्टीला आलेली माझी नात सई आंबा चोखता चोखता म्हणाली, "आजी, तुझ्या आंब्याला किती धागे आहेत गं! नामाकाकांच्या झाडाचा तर कापून खाता येतो."

मी म्हटलं, "कोण नामाकाका?"

"बाबांचे मित्र. ज्यांचं गाव पाण्यात गेलं ते. आम्ही दर दिवाळीला जातो की त्यांच्याकडे." मग तिनं रसाळ हात तोंडावर ठेवला. "बाबांनी सांगू नको म्हटलं होतं."

मी विजूला फोन लावला. त्यानं नाकारलं नाही. म्हणाला, कॉलेजात असताना भेटला, नांदेडच्या स्टँडवर. दोघंही आधी नुसतेच उभे राहिले. तेव्हापासून जाणं-येणं आहे. तीस वर्षांच्या वर झाली.

"अन् गयाबाई?"

"गेल्या. सहा वर्षं झाली."

"तू गेला होतास?"

"व्हय. खांदा दिला."

सहा वर्षांपूर्वी एका सणाला तो आला नव्हता, ऑफिसचं काम निघालं म्हणाला होता. मी शेजारणीला कौतुकानं सांगितलं होतं, आमच्या विजूवर साहेबांचा फार भरवसा.

"मला काहून न्हाई सांगितलं रे?"

तो शांतपणे म्हणाला, "आई, सईनं नाव घेतलं तेव्हा तुझ्या मनात पहिलं काय आलं?"

मी फोन ह्या कानाचा त्या कानाला लावला. खोटं बोलायला माझ्याकडे चिक्कार वेळ होता, पण ह्या वेळी सुचलं नाही. कारण सईनं नामाचं नाव घेतल्याबरोबर, गेलेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं, पाहिलेलं सगळं, वाटलेली सगळी लाज बाजूला सारून माझ्या मनात पहिलं आलं ते हे की, पोरीला आता त्यांचं सगळं ठाऊक असेल. हिला विचारावं. मी तोंड उघडलंही होतं. पोर हात धुवायला उठून गेली, म्हणून वाचले.

"त्याला घेऊन ये एकदा," मी म्हटलं.

"विचारतो त्याला," विजू म्हणाला.

पाटलाच्या घरी या म्हणून निरोप गेला की माणूस डोक्याला पटका बांधून येतो, हे मी जन्मभर बघत आले. आज पहिल्यांदा कोणी तरी ठरवणार आहे, यायचं का नाही. आठ दिवस झाले. विजूचा फोन येतो, सईच्या मार्कांचं बोलतो, माझ्या गुडघ्यांचं बोलतो. मी विषय काढत नाही. घाई काहीच नाही, त्याला वेळ लागेल, लागू दे. यायचं नसलं अन् त्यानं काही कारण सांगून पाठवलं, तर ते खरं आहे का खोटं, एवढं मात्र मी तपासणार नाही.